देणगीदाराचं नाव

(शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधी 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन' असा विषय दिला होता. मी म्हटलं, अरे बाबांनो, ज्यांनी नियोजन केलं त्यांना ते ऐकायची गरज नाही आणि ज्यांनी केलं नाही त्यांना आता ऐकून उपयोग नाही. त्यापेक्षा कंपन्या राजकीय पक्षांना देणग्या देतात त्याबद्दल बोलतो. फोनवर दोन मिनिटं शांतता. मग उत्तर आलं, "आपल्या ग्रुपवर राजकारण बंद आहे, तुला माहीत आहे ना?" माहीत आहे. २०१९ च्या निवडणुकीत ग्रुप फुटायच्या बेताला आला होता आणि तेव्हापासून फक्त सुप्रभात, वाढदिवस आणि गुडघेदुखीवरचे उपाय चालतात. मी शब्द दिला की कुठल्याही पक्षाचा प्रचार करणार नाही. मी पस्तीस वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली. सभेची नोटीस, इतिवृत्त, भागधारकांची वही, ठराव हेच माझं काम. तेव्हा आज मी हिशेबाबद्दल बोलणार आहे. हिशेबात सगळे पक्ष येतील, म्हणजे सगळ्यांनाच थोडं थोडं लागेल. जेवण झालेलं आहे, त्यामुळे ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल घ्यावी.

आपल्याला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे जरा धाकधूक आहे. आपण दहावीला होतो तेव्हा देशात आणीबाणी होती आणि बाई आपल्याला मूलभूत हक्क शिकवत होत्या. आपण ते पाठ केले. हे हक्क सध्या कुठे आहेत, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंची पंचाईत झाली असती. पण त्याच पुस्तकात एक वाक्य होतं, प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक मत, आणि सगळ्या मतांचं मोल सारखं. माझा आजचा विषय त्या वाक्याच्या आसपासचा आहे.

सुरुवात मुंबईपासून करतो, आणि १९५७ सालापासून. म्हणजे आपण जन्मायच्या थोडं आधी. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार घ्यायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कंपनीची बाजू समजण्यासारखी होती. सरकारचं औद्योगिक धोरण कसं राहतं यावर आमचा धंदा अवलंबून आहे, मग धंद्याला पोषक धोरण असलेल्या पक्षाला मदत करणं हे धंद्याच्याच हिताचं नाही का? समोर मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. कायद्यात अडवणारं काही नव्हतं, त्यामुळे परवानगी त्यांना द्यावी लागली. पण देताना त्यांनी बजावलं की पैशाच्या जोरावर निर्णय होऊ लागले तर लोकशाहीचे झरेच गढूळ होतील, आणि संसदेने याचा वेळीच विचार करावा. कलकत्ता उच्च न्यायालयातही त्याच सुमारास दुसऱ्या एका पोलाद कंपनीचं असंच प्रकरण आलं होतं आणि तिथेही हाच सूर निघाला.

मला त्या खटल्यातली एक गोष्ट फार आवडते. टाटांनी हे उघड केलं. ठराव केला, भागधारकांपुढे ठेवला, कोर्टात आले, वादविवाद झाला, वर्तमानपत्रांत छापून आलं. देणाऱ्याला लाज नव्हती आणि लपवाछपवीही नव्हती. आज मागे वळून बघताना हे फार मोठं वाटतं.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात २९३ अ हे कलम घातलं. वर्षाला पंचवीस हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत देणगी द्या, आणि कुणाला किती दिलं ते नफा-तोटा पत्रकात नावानिशी छापा. साधा, समजेल असा कायदा. नऊ वर्षं चालला. मग १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. कारण म्हणून बड्या भांडवलदारांचा प्रभाव रोखणं असं सांगितलं गेलं. ते काही खोटं नव्हतं, पण तेव्हा उद्योगपतींचा पैसा स्वतंत्र पक्षासारख्या विरोधकांकडेही वळत होता, हेही खरं.

आता तुम्हीच सांगा, बंदी घातली म्हणून निवडणुकीला पैसा लागायचा थांबला का? देशात परवाना राज होतं. सिमेंटचा कारखाना काढायचा तर परवाना, यंत्र आणायचं तर परवाना, उत्पादन वाढवायचं तरी परवाना. ज्याच्या सहीवर कोट्यवधींचा धंदा उभा राहतो त्याच्या पक्षाला चेकने एक रुपया द्यायचा नाही, असा तो कायदा. पैसा चेकमधून निघाला आणि ब्रीफकेसमध्ये गेला. काळ्या पैशाबद्दल आपण तावातावाने बोलतो, पण त्या पैशाला राजकारणात बसायला पाट याच बंदीने मांडून दिला, असं माझं मत आहे.

आणि एक गंमत सांगतो. ही स्मरणिका ज्यांनी काढली त्यांनी लक्ष देऊन ऐकावं. देणगीवर बंदी होती, जाहिरातीवर नव्हती. मग पक्ष अधिवेशनाच्या निमित्ताने स्मरणिका काढायचे. कंपन्या त्यात पानभर जाहिरात द्यायच्या. एका पानाचे दर असे की तेवढ्यात एखादं साप्ताहिक वर्षभर चाललं असतं. ती स्मरणिका कोण वाचणार? छापली तरी किती जात असेल देव जाणे. पण कंपनीच्या वहीत तो जाहिरातीचा खर्च, म्हणजे आयकरातही सूट! हे इतकं बोकाळलं की सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयकर कायद्यात खास त्यासाठी उपकलम घालावं लागलं. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरला जाणार नाही, असं. कलम ३७ मध्ये ते घातलं गेलं. आपल्या स्मरणिकेला पेठेतल्या किराणा दुकानदाराने पाव पान दिलंय आणि आपल्यातल्याच एका डॉक्टरने अर्धं. त्यांना घाबरायचं कारण नाही.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने बंदी उठवली. पुन्हा सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा, संचालक मंडळाचा ठराव, आणि पत्रकात पक्षाचं नाव. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माझ्या पहिल्या कंपनीत, तिचं नाव घेत नाही, मी साहेबांना उत्साहाने टिपण लिहून दिलं की आता आपण कायदेशीर देणगी देऊ शकतो, ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. साहेब हसले. त्यांनी मला समोर बसवून समजावलं की चेकने एका पक्षाला दिलं की ते दुसऱ्या पक्षाला कळतं, आणि पाच वर्षांनी तो दुसरा सत्तेवर येतो. त्यांच्या लेखी देणगी म्हणजे विम्याचा हप्ता होता. विमा सगळ्या बाजूंनी उतरवायचा असतो आणि कुणाकडे किती उतरवला ते बोलायचं नसतं. माझा ठराव फायलीत राहिला. त्या वर्षी पैसे गेलेच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. ते माझ्या टेबलावरून गेले नाहीत, एवढंच.

ही गोष्ट मी का सांगतो? 'भांडवलदारांची हाव' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक येतो, पांढरा सूट आणि हातात सिगार. माझे साहेब तसे नव्हते. गणपतीत कामगारांच्या पंगतीत बसायचे. त्यांना हाव जेवढी होती तेवढीच भीतीही होती. परवाना अडेल, बिल अडेल, धाड पडेल. पैसा राजकारणात जातो तो दोन वाटांनी, काहीतरी मिळवण्यासाठी आणि काहीतरी टाळण्यासाठी. आणि देणारा जितका मोठा, तितकी 'टाळण्याची' वाट हळूहळू 'मिळवण्याच्या' वाटेला जाऊन मिळते.

आता दुसरी बाजू, घेणाऱ्याची. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. सध्या मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. पण पक्षाने केलेल्या खर्चाला मर्यादा नाही. याचं मूळ आपण नववीत होतो त्या काळात आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दिल्लीच्या खटल्यात निकाल दिला की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. नाहीतर मर्यादेला अर्थ काय? त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. तेव्हापासून उमेदवाराच्या वहीत मांडवाचे बांबू मोजले जातात आणि पक्षाचं हेलिकॉप्टर वरून निघून जातं. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले की आपल्या आधीच्या निवडणुकीला आठ कोटी लागले. निवडणूक आयोगाची नोटीस आली, खुलासा झाला, प्रकरण मिटलं. एका मोठ्या नेत्याने ते जाहीरपणे म्हटलं याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. आकड्याचं कुणालाच वाटलं नाही.

आपल्या वर्गातला एकजण नगरपालिकेत निवडून आला होता. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय आणि खुणा करतोय की नाव घेऊ नकोस, म्हणून घेत नाही. तेव्हा आपल्यातल्याच सात-आठ जणांनी सायकलवरून त्याचा प्रचार केला होता. भिंती रंगवायला चुना आणि नीळ, पत्रकं एका मित्राच्या छापखान्यात उधारीवर, आणि रोज संध्याकाळी त्याच्या आईच्या हातचे पोहे. पाच वर्षं त्याने काम चांगलं केलं. मुख्य बाजारातलं गटार त्याच्याच काळात बंदिस्त झालं. नंतर काही वर्षांनी त्याला पुन्हा उभं राहावंसं वाटलं, तेव्हा पक्षाच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "किती लावू शकता?" काम किती केलंत, माणसं किती ओळखतात, हे प्रश्न नंतरचे. तो परत आला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. त्या वॉर्डात मग जो उभा राहिला त्याच्या मागे एक बिल्डर होता. गावाच्या पश्चिमेचा ओढा आज कुठे गेला, हे मी सांगायला नको. काल तुम्ही सगळे गाडीतून त्याच्यावरूनच आलात.

बाई, प्रत्येकाला एक मत, हे अजूनही खरं आहे. मतदानाच्या दिवशी आमच्या या मित्राचं आणि त्या बिल्डरचं मत सारखंच मोजलं जातं. पण मतपत्रिकेवर कुणाची नावं असणार, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी ५०४ जणांनी स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रात एक कोटीहून जास्त मालमत्ता दाखवली आहे. कोटी आता फार मोठी रक्कम राहिली नाही, पुण्यात फ्लॅट असला की होते, हे मला मान्य आहे. तरीपण शंभरातले त्र्याण्णव!

आता निवडणूक रोख्यांकडे येतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे टीव्हीवर ऐकलं असेल, पण आरडाओरड्यात त्याची यंत्रणा कुणी नीट सांगितली नाही.

२०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात देणगीची मर्यादा साडेसात टक्के झाली होती, आणि पक्षाचं नाव छापणं कायम होतं. २०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी रोख्यांची योजना जाहीर केली. हेतू सांगितला तो रोख रकमेचा व्यवहार कमी करण्याचा, आणि तो हेतू वाईट नव्हता. बँकेतून, केवायसी केलेल्या खात्यातून, पांढरा पैसा. पण त्याच वित्त विधेयकात कंपनी कायद्यातली साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि पक्षाचं नाव छापण्याची अटही काढली. म्हणजे काय झालं? तोट्यातली कंपनीही कितीही देणगी देऊ शकते, आणि भागधारकाला एवढंच कळणार की एकूण इतके दिले. कुणाला, ते नाही. विधेयक 'धन विधेयक' म्हणून आणलं, त्यामुळे राज्यसभेला ते अडवता आलं नाही. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती. निवडणूक आयोगाने हे पाऊल मागे नेणारं आहे असं लेखी कळवलं होतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने आयुष्यभर 'उघड करणं' याच शब्दावर पगार घेतला, ते राजपत्र वाचताना कसंसंच झालं.

जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झाली. हजार, दहा हजार, लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा किमतीचे रोखे, फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत. वर्षातून चार वेळा दहा-दहा दिवस विक्री. पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही, देणाऱ्याचं नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. या सभागृहात वर बघा. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव आहे, तिन्ही पात्यांवर, पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही तरीसुद्धा. देवळात पायरीवर नाव, शाळेत घड्याळावर नाव, स्मशानातल्या बाकड्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पाचशे रुपयांचा स्टीलचा पिंप दिला तरी त्यावर नाव कोरून घेणारे लोक आपण. आणि या देशात एक कोटीचा कागद असा निघाला की त्यावर नाव नको, अशी देणाऱ्याचीच अट! जो माणूस नाव नको म्हणतो तो एक तर संत असतो, किंवा त्याला नावापेक्षा दुसरं काहीतरी हवं असतं. संत लोक कोटीचे रोखे घेत असल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

शिवाय ही गुप्तता सगळ्यांसाठी सारखी नव्हती. २०१८ मध्येच एका महिला पत्रकाराने हजार हजारांचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासून घेतले. अतिनील प्रकाशाखाली रोख्यावर एक छुपा क्रमांक दिसला. म्हणजे माग काढण्याची सोय त्यात होती, आणि ज्या बँकेकडे ती होती ती बँक सरकारी. मतदाराला देणाऱ्याचं नाव कळणार नव्हतं, विरोधी पक्षाला कळणार नव्हतं. रोखे छापायचा आणि विकायचा खर्च सरकारचा, म्हणजे आपला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, ती बातम्यांत फारशी आली नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की वेदान्त समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी देणग्यांचा कायदा मोडला. सेसा म्हणजे गोव्यातल्या लोहखनिजाची सेसा. आपल्यातले जे पणजीला बँकेत होते त्यांना त्या लाल धुळीचे ट्रक आठवत असतील. निकाल दोन्ही पक्षांविरुद्ध, दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. मग २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलली, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, २०१० पासून. ते पुरेना म्हणून २०१८ मध्ये ती तारीख आणखी मागे नेली. कुठपर्यंत? ५ ऑगस्ट १९७६! आपला दहावीचा निकाल लागला त्याच वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत. त्या वर्षीचा वित्त कायदा लोकसभेत चर्चेशिवाय मंजूर झाला. संसदेत एकमेकांना बोलू न देणारे दोन पक्ष या एका बाबतीत एकमेकांच्या आड आले नाहीत.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने रोखे घटनाबाह्य ठरवले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पीठावर होते, भूषण गवई होते. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे, आणि मोठी देणगी देणारी कंपनी बदल्यात काहीतरी मागू शकते, या दोन गोष्टी त्यात ठामपणे आल्या. साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणंही रद्द झालं. मग स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंतची मुदत मागितली. खरेदीची पाकिटं एकीकडे, वटवल्याची दुसरीकडे, दोन्ही मुंबईच्या मुख्य शाखेत सीलबंद, जुळवायला वेळ लागेल. आपल्या वर्गातल्या स्टेट बँकवाल्यांना मी तेव्हा फोन केला होता. एकजण म्हणाला, "बावीस हजार रोखे? अरे, आम्ही इयर एंडिंगला याहून जास्त व्हाउचर एका रात्रीत टॅली करायचो, तेही लेजरवर!" ११ मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली. दुसऱ्या दिवशी माहिती आयोगाकडे पोहोचली.

मी ती यादी छापून घेतली. घरात सगळे हसले. पण मला यादी वाचायची सवय आहे.

एकूण विक्री सुमारे १६,५१८ कोटींची. एप्रिल २०१९ पासूनच्या उघड झालेल्या माहितीत सगळ्यात जास्त भाजपला, सुमारे ६,०६० कोटी. मग तृणमूल काँग्रेस सुमारे १,६०९, काँग्रेस सुमारे १,४२१, आणि एकट्या तेलंगणातली भारत राष्ट्र समिती सुमारे १,२१४ कोटी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत, आणि खटला लढणाऱ्यांत तोही होता, हे नोंदवायला हवं. सगळ्यात मोठा खरेदीदार कोण? एखादा पोलादाचा, मोटारींचा, सॉफ्टवेअरचा कारखानदार नाही. कोइमतूरची लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. तिचे सर्वाधिक पैसे तृणमूल आणि द्रमुक यांना गेले, प्रत्येकी पाचशे कोटींच्या वर. दुसरी हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी, त्यातला निम्म्याहून अधिक वाटा भाजपला. राज्यात ज्याची सत्ता त्याला राज्यातून, केंद्रात ज्याची सत्ता त्याला देशभरातून, असा तो नकाशा आहे. कोणी धुतल्या तांदळासारखं नाही.

तारखा जुळवत बसलो तर झोप उडते. मेघाने ११ एप्रिल २०२३ ला १४० कोटींचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात तिला ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं, चौदा हजार कोटींहून मोठं काम मिळालं. एका औषध कंपनीचा संचालक १० नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या दारू प्रकरणात अटक झाला, आणि १५ नोव्हेंबरला त्या कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले. ते भाजपने वटवले.

इथे मी सेक्रेटरी म्हणून एक सावधगिरीची टीप घालतो. एकापाठोपाठ एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं, असं सिद्ध होत नाही. बोगद्याचं काम निविदेतून दिलेलं आहे. विशेष पथकाकडून चौकशी व्हावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली. त्यामुळे कुणावर गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि या व्यासपीठावरून मी तो शाबीत करणार नाही. पण तारखाच झाकून ठेवल्या असत्या तर हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. ठाण्यात आपले चार वर्गमित्र राहतात, त्या बोगद्यातून तेच जाणार आहेत.

न्यू जर्सीहून आलेली आपली मैत्रीण सकाळी म्हणाली, "तुमच्याकडे निदान कोर्टाने रद्द तरी केलं." तिथे उलटं झालं. कंपन्यांनी निवडणुकीत देणग्या देऊ नयेत असा कायदा अमेरिकेने १९०७ मध्येच केला होता. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराला थेट न देता स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणं हा कंपन्यांचाही अभिव्यक्तीचा हक्क आहे. त्यातून 'सुपर पॅक' नावाच्या समित्या आल्या. २०२४ मध्ये इलॉन मस्क या एका माणसाने ट्रम्प यांच्या बाजूने पंचवीस कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि निकालानंतर सरकारी खात्यांची काटछाट करायला तोच बसला. नाव लपवलेलं नव्हतं, सगळ्या जगाला माहीत होतं. तेव्हा पंख्यावर नाव घातलं की काम झालं, असं समजू नका. नाव ही पहिली पायरी. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा, ही पुढची पायरी आपल्याकडे अजून बांधायचीच आहे.

रोखे गेल्यावर पैसा थांबला नाही, तो थांबणारही नव्हता. आता तो निवडणूक न्यासांमधून जातो. कंपन्या न्यासाला देतात, न्यास पक्षांना देतो. २०२४-२५ या वर्षात न्यासांनी पक्षांना तीन हजार कोटींहून जास्त दिले, त्यातला बहुतांश केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाला. न्यासाला कुणी किती दिलं आणि न्यासाने कुणाला किती दिलं, हे दोन्ही छापलेलं असतं. मधल्या मडक्यात मात्र सगळं एकत्र होतं, त्यामुळे कोणाचा रुपया कोणाकडे गेला ते सांगता येत नाही. तरी रोख्यांपेक्षा बरं, असं मी म्हणेन. तिसऱ्या रांगेतला आपला मित्र मान हलवतोय, म्हणजे त्याला पटलेलं नाही. त्याचं म्हणणं मला माहीत आहे. त्याच्या वॉर्डातला पैसा कुठल्याच न्यासातून येत नव्हता, पोत्यातून येत होता. ते खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर नाही.

माझी वेळ संपली अशी चिठ्ठी आली आहे. न्यासांचे आणि पक्षांचे देणग्यांचे अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, कुणालाही उघडता येतात. पक्षाला वीस हजारांच्या वर ज्याने दिले त्याचं नाव त्यात असतं. आपल्या जिल्ह्याचे पत्ते असलेल्या देणगीदारांची पानं मी छापून आणली आहेत, सगळ्या पक्षांची मिळून एकोणीस. चहाच्या टेबलावर ठेवतो. दोन-तीन नावं आपल्या ओळखीची निघतील. चष्मे घेऊन या, अक्षर फार बारीक आहे.